लग्नाच्या लॉन्समधला लव्हाळा: जळगाव-एरंडोल पट्ट्यातले एक प्रकरण

जळगाव ते एरंडोल या पट्ट्यात महामार्गाच्या कडेला लग्नकार्यासाठी भाड्याने मिळणारी लॉन्स आहेत. लॉनची देखभाल हे आमचे काम. त्यांतल्या एका ठिकाणच्या लव्हाळा या तणाचे हे प्रकरण. जागा वीस-बावीस गुंठ्यांची. स्टेजसमोरचा तुकडा मेक्सिकन, म्हणजे झोयसिया जातीच्या गवताचा, बाकी सगळे सिलेक्शन नंबर वन, म्हणजे हरळीच्याच जातीतले बारीक पानाचे गवत. जमीन आपल्याकडे असते तशी काळी आणि भारी, पावसात पायाला धरून ठेवणारी, मे महिन्यात भेगाळणारी. एका बाजूला भटारखाना, आणि मागच्या कुंपणाला लागून दुसऱ्याचे कपाशीचे शेत. हे शेत लक्षात ठेवा, अर्धे निर्णय त्याच्यामुळे ठरले.

मालकांना गावात सगळे आप्पा म्हणतात. त्यांचा फोन जुलैच्या शेवटी आला. "भाऊ, माझ्या गवतावर दुसरंच गवत चढलंय. कापलं की चार दिवसांत वर. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा बुक आहेत, तेवढ्यात बसवून द्या." लग्नाच्या लॉन्सचे वर्ष तुळशीच्या लग्नापासूनच सुरू होते. म्हणजे हातात पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचे ऊन, एवढीच मुदत. बंगल्यासमोरच्या लॉनवर एखादा हंगाम वाट पाहता येते. इथे एक तारीख रद्द झाली तर बयाणा परत द्यावा लागतो आणि गावभर बोभाटा होतो तो वेगळाच.

आधी काय काय झाले होते

आम्ही पोहोचण्यापूर्वी तीन गोष्टी घडल्या होत्या. गावातल्या बाया लावून निंदणी झाली होती, तीही एकदा नव्हे. ग्रास कटरने सगळे लॉन जमिनीलगत भादरून काढले होते. आणि एका कृषी केंद्रातून टू-फोर-डी या तणनाशकाची बाटली आणून ऑफिसच्या खिडकीत ठेवली होती. ती अजून उघडली नव्हती, हे त्या कपाशीवाल्याचे नशीब.

निंदणीला आलेल्या एका मावशींना मी विचारले, उपटल्यावर काय होते? त्या म्हणाल्या, "भाऊ, हाऊ उपटा का दुप्पट येस." म्हणजे हा उपटला की दुप्पट येतो. तणाची ओळख पटवायला एवढे वाक्य पुरेसे होते, तरी बसून पाहिले. दांडा दोन बोटांत फिरवला तर तीन कडा लागतात. पान गवतापेक्षा चकचकीत, मधे घडी असलेले, आणि वाढीचा वेग इतका की काल कापलेल्या लॉनवर आज शेंडे वेगळे दिसतात. लव्हाळा. काही ठिकाणी तांबूस-तपकिरी तुरेही आले होते.

लव्हाळ्याला सरसकट गवत समजून चालत नाही, औषधाच्या बाबतीत तर मुळीच नाही. तो गवताच्या कुळातला नाही. गवत मारणारी बरीच औषधे त्याच्यावर चालत नाहीत, रुंद पानाच्या तणांवरची औषधे नुसती वरची पाने करपवतात. खरा जीव खाली गाठींमध्ये असतो. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा म्हणून ज्याचा वास येतो, तो याच कुळातला. उटण्यात छान, लॉनमध्ये कटकट.

खणल्यावर

खुरप्याने वरवर उकरून समजत नाही, म्हणून फावड्याने वीतभर खोल, फूटभर चौरस ढेकूळ काढले आणि पाण्यात धुतले. काळ्या दोऱ्यासारख्या मुळांवर एकापुढे एक ओवलेल्या गाठी. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटीमीटरांत सापडतात, काही त्याखालीही. माळेतली शेंड्याकडची गाठ फुटलेली असते तोवर मागच्या गाठी झोपून राहतात. आपण उपटतो तेव्हा दांडा तुटतो, माळ तुटते, आणि मागच्या गाठी एकदम जाग्या होतात. मावशींचे "दुप्पट" ते हेच. आप्पांना तो धुतलेला गुच्छ हातात दिला. एकेक गाठ मोजायला लागले आणि मधेच थांबून म्हणाले, "मग इतके दिवस आम्ही पेरणीच करत होतो म्हणा ना."

आता प्रश्न असा की हे आले कुठून? लॉन जुने होते आणि आधीच्या पावसाळ्यांत हा त्रास नव्हता. मी आप्पांबरोबर पूर्ण जागा फिरलो आणि जिथे लव्हाळा दाट आहे तिथे चुन्याने रेघा मारल्या. आठेक गुंठ्यांचे ठिगळ-ठिगळ चित्र तयार झाले. स्टेजच्या पुढची खोलगट पट्टी, मंडपाचे खांब रोवतात ती ओळ, गाड्या वळतात तो कोपरा, भटारखान्यालगतची बाजू. आप्पांनी रेघा पाहिल्या आणि स्वतःच सांगितले, या जागा बसल्या होत्या, मे महिन्यात भर टाकला. भर कुठला? गिरणाकाठच्या एका केळीच्या शेतात शेततळे खोदले जात होते, तिथली काळी माती फुकट मिळाली. वर उकिरड्यावरचे अर्धे कुजलेले शेणखत.

बारमाही ओलिताची केळीची जमीन म्हणजे लव्हाळ्याचे माहेर. त्या मातीबरोबर गाठी ट्रॉलीने आल्या आणि जूनच्या पावसाने फुटल्या. शेणखतातून घोळ, माठ, दुधी आणि केना ही रुंद पानांची तणे आली, ती निराळी. तणाचा उद्रेक झाला की ग्राहक हवेला, पाखरांना, शेजाऱ्याला दोष देतो. माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: गेल्या वर्षभरात या जागेत बाहेरून काय आले? माती, खत, कुंड्या, गवताचे रोल. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असते. हीच माती एप्रिल-मेच्या खान्देशी उन्हात पातळ पसरून दोन-चारदा उलटीपालटी केली असती, तर बऱ्याच गाठी वाळून मेल्या असत्या. शेतकरी उन्हाळी नांगरट करतो त्यामागे हाही हेतू असतो. पण आप्पांनी ती ओली-दमट आणली, पसरली आणि वर पाणी मारले.

खिडकीतली बाटली

टू-फोर-डी मारा असे सांगणारा माणूस पूर्ण चुकीचा नव्हता. घोळ, माठ, दुधी यांच्यावर ती चालते, आणि हरळीच्या जातीचे जमलेले गवत ती सहन करते. लव्हाळ्याच्या गाठींवर मात्र तिचा भरवसा नाही. पण मुख्य अडचण कुंपणापलीकडे उभी होती. कपाशी टू-फोर-डीला इतकी हळवी की उडून आलेल्या थेंबांनीसुद्धा पाने लांबट, बोटांसारखी होतात, शेंडे वळतात, पाते-फूल बिघडते. त्यातून बाटली इथाइल एस्टरची होती. हा प्रकार फवारल्यानंतरही उन्हात वाफ होऊन सरकतो, वारा नसला तरी. जुलै-ऑगस्टमध्ये कपाशी ऐन वाढीत असते. एका लॉनच्या घोळीसाठी शेजाऱ्याचे पीक पणाला लावायचे, आणि मग भाऊबंदकीत तीन पिढ्या चालेल असे भांडण अंगावर घ्यायचे, यात कुणाचे भले आहे? मी बाटली परत करायला लावली. जो पंप टू-फोर-डीला वापरला तो नुसता धुऊन कपाशीत नेऊ नये, हेही आप्पांच्या माणसाला सांगितले, कारण लॉन्सचा पंप तो स्वतःच्या शेतातही न्यायचा.

मग ग्लायफोसेट? ते गाठीपर्यंत पोहोचते, पण वाटेत लॉनही मारते. ठिगळे मारून नवे गवत लावायचे म्हटले, तर तुळशीच्या लग्नापर्यंत नवे गवत लोकांच्या पायांखाली टिकेल इतके धरत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच व्हावा असा आदेश काढला आहे. मालकाच्या गड्याने पाठीवर पंप घेऊन ते मारावे, हे मी सुचवणार नव्हतो. सगळी भराची माती खरवडून काढायचा पर्यायही बोललो. पावसाळ्यात काळ्या मातीत जेसीबी घातला तर उरलेले चांगले लॉनही जाते, म्हणून तो तिथेच संपला.

राहिले हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल, ७५ टक्के दाणेदार. उसातल्या लव्हाळ्यासाठी आपल्याकडे ते ओळखीचे आहे, एकरी ३६ ग्रॅम. ते पानांतून गाठीकडे उतरते आणि हरळी व झोयसिया जातीच्या गवताला सहसा धक्का लावत नाही. मात्र लेबलवर ऊस आहे, लॉन नाही. हे मी आप्पांपासून लपवले नाही. करारात लिहून घेतले, आणि आधी कोपऱ्यातल्या छोट्या तुकड्यावर, दोन्ही गवतांवर, मारून पाहिले. मेक्सिकन गवत किंचित फिकट झाले आणि सावरले. सिलेक्शनला काही झाले नाही.

एक गुंठा, एक ग्रॅम

एकरी ३६ ग्रॅम म्हणजे गुंठ्याला एक ग्रॅमही नाही, ०.९. इथेच लोक हात सैल सोडतात. चमच्याने, अंदाजाने, "जरा जास्त घाल, पक्के मरेल". जास्त मात्रेने पान लवकर करपते, पण करपलेले पान औषध खाली पाठवत नाही, आणि गवताला झटका बसतो. जळगाव सोन्याचे गाव, ग्रॅमचा काटा शोधायला लांब जावे लागत नाही. औषधासाठी वेगळा काटा ठेवा, म्हणजे झाले.

आधी साध्या पाण्याने एक गुंठा फवारून पाहिला. आमच्या माणसाच्या चालीने पावणेचार लिटर लागले, म्हणजे एकरी दीडशे. आठ गुंठ्यांना तीस लिटर, पंधरा लिटरचे दोन पंप, पंपाला ३.६ ग्रॅम. सोबत स्टिकर, म्हणजे औषध पानाला धरून ठेवणारे द्रावण, कारण लव्हाळ्याचे पान मेणचट असते, नुसते पाणी घरंगळते. नोझल तणनाशकाचे, सपाट फवाऱ्याचे. कीटकनाशकाचे गोल धुके करणारे नोझल काढून ठेवले, ते थेंब वाऱ्यावर जातात. हे औषध टू-फोर-डीसारखे वाफ होऊन सरकत नाही, पण थेंब कपाशीवर पडला तर तिलाही ते चांगले नाही. म्हणून सकाळची वेळ, नोझल गुडघ्याखाली, आणि कुंपणालगतच्या पट्टीत नोझलवर प्लास्टिकची टोपी.

दिवस मिळायला मात्र वेळ लागला. श्रावण लागला होता, पाऊस रोज थोडा थोडा. उघडीप हवी, पण जमीन कोरडीठाक नको. वाफसा असावा, लव्हाळा जोमात असावा, तीन ते पाच पानांवर, तुरे येण्याआधी. त्यासाठी आधी एक कापणी करून नवी फूट एकसारखी येऊ दिली आणि मग मशिन बंद ठेवले. फवारणीच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर कापायचे नाही, हा नियम. पान नसेल तर औषध घेणार कोण? मधेच कानबाईचा सण आला. त्या रविवार-सोमवारी आपल्याकडे घरोघर रोट असतात, मजूर मागायचा प्रश्नच नाही. विसर्जन झाल्यावर उघडीप मिळाली आणि काम झाले.

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, बूट. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतरही "हे तर नुसतं तणाचं औषध" म्हणून उघड्या अंगाने पंप चालवणारे मी दर पावसाळ्यात पाहतो. आणखी एक गोष्ट आप्पांच्या लक्षात नव्हती. कापलेले गवत त्यांच्या गड्याच्या म्हशींना जात होते. ते बंद करायला लावले.

फुलझाडांच्या वाफ्यांत औषध मारले नाही. हे औषध जमिनीत काही काळ रेंगाळते, जास्वंद-अकॅलिफाला ते भोवते. वाफ्यांत खोल खणून गाठी वेचल्या. घोळ, माठ, दुधी, केना यांना औषध दिलेच नाही. बी धरायच्या आत बायांकडून निंदून घेतले. या तणांना निंदणी लागू पडते. फक्त उपटलेली घोळ आणि केना तिथेच टाकायचे नाहीत, ओल्या जमिनीवर ते पुन्हा मूळ धरतात.

पिवळे पडण्याआधीचे दिवस

या औषधाचा सगळ्यात अवघड भाग फवारणीनंतर येतो, आणि तो ग्राहकाशी असतो. आठवडाभर काहीच दिसत नाही. लव्हाळा हिरवागार, उलट मशिन बंद असल्याने आणखी उंच. मी हे आधीच सांगितले होते, कागदावरही लिहून दिले होते: पहिला आठवडा काही नाही, मग मधला कोंब पिवळा, पूर्ण वाळायला तीन ते चार आठवडे, आणि त्या काळात लॉन आत्तापेक्षा वाईट दिसेल. तरी आप्पांचा फोन आलाच. "भाऊ, औषध डुप्लिकेट तर नाही ना? गडी म्हणतो एक हात अजून मारू." मी म्हटले, आप्पा, एक लव्हाळा धरून मधला कोंब हळूच ओढून पाहा. त्यांनी ओढला, तो सहज हातात आला, बुडाशी पिवळसर. त्यानंतर ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला कोंब ओढून दाखवू लागले.

"एक हात अजून" हे वाक्य लॉनच्या धंद्यात सगळ्यात जास्त नुकसान करते, असे माझे मत आहे. ग्राहकाला आपण काहीतरी करताना दिसायला हवे असतो. औषध शांतपणे खाली उतरत असते, आणि नेमके त्या दिवसांत आपण रिकामे दिसतो. म्हणून त्या काळासाठी मी दुसरे काम राखून ठेवतो, दिसेल असे, पण औषधाच्या आड न येणारे.

पैशाचाही प्रश्न निघाला. औषधाची किंमत बायांच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी. आप्पांनी पुडी पाहिली आणि कपाळाला आठ्या. एवढ्याशा पुडीचे बिल एवढे? मी बिलात औषध, फवारणी, पुढची तीन महिन्यांची देखरेख आणि गवताचे काम वेगवेगळे मांडले. एकच आकडा लिहिला की ग्राहक तो पुडीवर भागून पाहतो. करारात "लव्हाळा संपेल" असे लिहिले नाही. लिहिले ते असे: तुळशीच्या लग्नाच्या सुमारास लॉनवर उभ्या माणसाला लव्हाळा वेगळा दिसणार नाही, गाठी जमिनीत राहतील आणि पुढच्या पावसाळ्यात काही फुटतील.

गवताचे काम

लव्हाळा वाळला की मोकळी जागा उरते, आणि मोकळी जागा रिकामी राहत नाही. तिथे गवत आधी पोहोचले पाहिजे.

बसलेल्या, दाबलेल्या पट्ट्यांत काट्याने भोके पाडून वर क्रश सँड झाडूने लोटली. पुन्हा काळी माती नाही, पोयटा नाही, काही नाही. दाट सिलेक्शनमधून मूठ-मूठ मुळ्या काढून मोकळ्या जागांत टोचल्या. सप्टेंबरच्या पावसात त्या चांगल्या धावल्या. गुंठ्याला किलोच्या आत युरिया, लगेच पाणी, पानांवर दाणा राहू द्यायचा नाही.

कापणीवरून आप्पांशी वाद झाला. त्यांना लॉन गालिच्यासारखे हवे होते, म्हणजे जमिनीला चिकटलेले. पण इतके भादरले की जमिनीवर ऊन पोहोचते आणि खाली टपून बसलेले प्रत्येक बी उठते. मशिन दीड इंचावर लावले. पाणीही दिवसातून दोनदा पाइपने चालू होते, पावसाळ्यातसुद्धा, कारण माळ्याचा पगार त्यावर होता. काळी जमीन पाणी धरून ठेवते. सतत ओल म्हणजे लव्हाळ्याला आमंत्रण. ऑक्टोबरच्या उन्हातही एकदा भरपूर देऊन मधे वरचा थर सुकू द्यायचा, असे ठरले. माळ्याला तेवढ्या वेळात दुसरे काम दिले, नाहीतर त्याने पाइप सोडला नसता.

निकाल

पहिल्या फवारणीने दाट ठिगळे मोडली, पण महिन्याभराने विरळ फूट दिसली. खालच्या, उशिरा जागलेल्या गाठींची. त्या फुटीने पुरेशी पाने धरल्यावर, पहिल्या फवारणीनंतर सुमारे दीड महिन्याने, फक्त त्या खुणांवर दुसरी फवारणी केली. औषध पहिल्याच्या चौथाईनेही लागले नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या कार्याला स्टेजसमोरचा भाग, खांबांची ओळ आणि गाड्यांचा कोपरा साफ होता. मेक्सिकन आणि सिलेक्शनचा सांधा थोडा ओबडधोबड दिसत होता, तो खुर्च्यांखाली गेला.

भटारखान्यालगतची पट्टी मात्र सुटली नाही. तिथे भांडी घासल्याचे पाणी उतरते, बारा महिने ओल, वर तेलकट साय, गवत मुळातच कुजलेले. लव्हाळा मेला की त्याच जागी नवा. मी सुरुवातीलाच म्हटले होते की नाली काढल्याशिवाय त्या पट्टीचे काम माझ्याकडे देऊ नका. आप्पांना नालीचा खर्च नको होता.

पुढच्या वर्षासाठी दोन गोष्टी ठरल्या. जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत पेंडीमेथॅलीन, घोळ-माठ-दुधी आणि वार्षिक गवतांच्या बिया उगवू नयेत म्हणून. कपाशीवाल्यांना ते माहीत आहे, फरशीवर पिवळे डाग पाडते म्हणून पेव्हरच्या कडा झाकून मारायचे. लव्हाळ्याच्या गाठींना ते काही करत नाही, त्यांच्यासाठी जुलैत फिरून फक्त ठिपक्यांवर हॅलोसल्फ्युरॉन. आणि आवारात बाहेरची माती आली तर देखरेखीचा करार तिथेच संपेल, हे कलम आप्पांनी सही करण्याआधी दोनदा वाचले.

भटारखान्याच्या पट्टीवर त्यांनी शेवटी पेव्हर ब्लॉक टाकले. तेवढे गुंठे कमी झाले म्हणून नव्या कराराच्या रकमेतून त्याचे पैसेही वळते करून घेतले.